खारवलीच्या बाजारातला शेर

१

अमिरातीतल्या अल ऐनच्या एका हॉलमध्ये एकोणीसशे बारा सालचा बाजार भरायला जेमतेम अर्धा दिवस उरला होता, आणि वाण्याच्या दुकानातला शेर गायब झाला.

बाजार काही खरा नव्हता. इथल्या मराठी मंडळींना डिसेंबरात, हवा जरा माणसात आली की, काहीतरी करून दाखवायची हुक्की येते. गेल्या वर्षी पुठ्ठ्याचे किल्ले झाले होते. यंदा ठरलं, पणजोबांच्या गावचा बाजार. आजोबा कुणालाही असतात; पणजोबांचं गाव, त्यातली दुकानं आणि वर जुनी भांडी असं सगळं एकाच घरात सापडणं कठीण. ते सापडलं दत्तप्रसाद शेट्ये यांच्याकडे. त्यांचं गाव कोकणातलं खारवली. तिथे त्यांच्या पणजोबांचं किराणाचं दुकान होतं. मग प्लायवूडची खारवली उभी राहिली: कासार, अत्तार, तांबट, शिंपी आणि मधोमध शेट्ये वाणी.

वाण्याच्या दुकानात धान्य मोजायची खरीखुरी पितळी मापं मांडली होती. सगळ्यांत मोठी पायली, मग अधोली, मग शेर, मग चिमुकलं चिपटं. त्यातला शेर म्हणजे बाजाराचा नवरदेव. दत्तप्रसादांच्या दुबईच्या फॅक्टरीतून पोहे, भाजणी आणि मसाल्यांची जी पाकिटं आखातभर जातात, त्या प्रत्येक पाकिटावर ह्याच शेराचं चित्र असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'पणजोबांचं माप, आजही तेच'.

सकाळी दुकानावरची चादर काढली तेव्हा बाकी सगळी मापं जागच्या जागी होती. शेराची जागा तेवढी रिकामी.

"काकू, शेर गेला!" शार्दूल ओरडला. हा दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधला सॉफ्टवेअरवाला, पण सगळी सजावट त्याच्या हातची.

काकू म्हणजे कमलिनी गुप्ते. शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या, प्रदर्शनाच्या प्रमुख आणि स्वतःच्या मते अत्यंत न्यायी बाई. 'आधी पुरावा, मग निष्कर्ष' हे वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांना झोपेतसुद्धा म्हणता येत असे. पण त्या क्षणी काय झालं कोण जाणे. हॉल रात्री रशीदाने बंद केला, सकाळी रशीदाने उघडला, आणि रशीदा समोरच पोछा घेऊन उभी होती. कमलिनीच्या तोंडून निघून गेलं, "रशीदा, ज़रा अपनी थैली दिखाना."

रशीदा हैदराबादची. ह्या हॉलची साफसफाई तिच्याकडे. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि थैली आणायला गेली. ती ठेवायला जागा हवी म्हणून कमलिनीने खुर्चीवरची सुचित्राची पूजेची पिशवी उचलून खाली ठेवली.

"काय गं, दगड भरलेत का हिच्यात?"

"नारळ आहेत, कमलताई," सुचित्रा म्हणाली. सुचित्रा दत्तप्रसादांची बायको. तयारीसाठी ती एक दिवस आधीच येऊन कमलिनीकडे उतरली होती.

रशीदाच्या थैलीतून डबा निघाला, औषधाची पट्टी निघाली, जुनी ओढणी निघाली. शेर नव्हता. आणि कमलिनी "ठीक है, ठीक है" म्हणत थैली परत देणार, इतक्यात हॉलचा मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. त्याने सगळं पाहिलं होतं.

"किल्ल्या दे," तो रशीदाला हिंदीत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत वस्तू मिळाली तर ठीक. नाही तर पोलीस कंप्लेंट, आणि कंपनी व्हिसा कॅन्सल करेल. खलास."

रशीदाने कनवटीच्या किल्ल्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

२

न्यायी माणसाची एक पंचाईत असते. त्याच्या हातून अन्याय झाला की तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. कमलिनी दुकानाच्या फळीमागे जाऊन उभी राहिली. चोर सापडला तर आपली लाज थोडी तरी झाकेल, असा हिशेब तिच्या मनात होता. तोही तिला फारसा शोभणारा नव्हता, हे तिला कळत होतं.

फळीवर शार्दूलने जुन्या वर्तमानपत्राची नक्कल छापून अंथरली होती. शेर जिथे ठेवलेला होता, तिथे काहीच नव्हतं. पण वीतभर बाजूला, चादरीचा काठ येत होता तिथे, कागद फुगून कडक झाला होता आणि अक्षरांची शाई गोलाकार पसरली होती. तिने त्यावर पायली ठेवून पाहिली, मोठी झाली. चिपटं ठेवलं, लहान पडलं. शेराच्या तळाएवढाच तो गोल होता.

"शार्दूल, इथे पाणी कुणी सांडलं?"

"पाणी? काकू, इंकजेट प्रिंट आहे ती. मी काल सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, पाण्याची बाटलीसुद्धा आणू नका."

"मग काल रात्री इथे ओला शेर कुणीतरी ठेवला होता."

रशीदा शेवटच्या रांगेत नुसतीच बसून होती. हातात काम नसलेली रशीदा कमलिनीने ह्यापूर्वी पाहिलीच नव्हती. ती जवळ गेली.

"रशीदा, रात को बालटी काउंटर पे रखी थी क्या?"

"मैं काउंटर को हाथ नहीं लगाई, मॅडम. आपने ही मना किया था," रशीदा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मेरी बेटी का नर्सिंग का आख़री साल है. केस हुआ तो मुझे वापस भेज देंगे."

कमलिनी फळीकडे वळली आणि एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत राहिली. चोराला शेर हवा असतो. शेरात पाणी भरून बघायची गरज चोराला कशाला पडेल?

३

काल संध्याकाळी, दुकानदार झालेल्या पोरांच्या तालमीनंतर, मागे राहिलेली माणसं मोजकीच होती. कमलिनी पोरांचे कपडे घेऊन आधी निघाली होती. फोटो काढायला शार्दूल थांबला होता, रांगोळी घालायला सुचित्रा, रिकामी खोकी व्हॅनमध्ये भरायला शेट्यांच्या फॅक्टरीचा मॅनेजर नागेश, आणि पोछा मारायला रशीदा.

शार्दूलवर संशय घ्यायला कारण होतं. तालमीत त्याने शेर हातात फिरवून म्हटलं होतं, "अँटिकवाले ह्याचे दोन हजार दिरहॅम सहज देतील. म्हणजे आपले पंचेचाळीस-सत्तेचाळीस हजार!"

"काकू, ते मी गमतीत बोललो," तो आता म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझी गाडी चेक करा हवं तर. सुचित्राकाकूंना मीच तुमच्याकडे सोडलं काल."

"तुझी गाडी नाही तपासत मी," कमलिनी पटकन म्हणाली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच वाक्य टोचलं.

नागेशला फोन लावला. तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या फॅक्टरीत होता आणि दुपारी साहेबांना घेऊन निघणार होता.

"ताई, व्हॅनमध्ये रिकामी खोकी, दुसरं काही नाही," तो म्हणाला. "आणि मी शेर कशाला घेऊ? तो गेला तर आमचा ब्रँड गेला. इकडे पुढच्या महिन्यात नव्या दुकानाचं ओपनिंग आहे, दारात हाच शेर ठेवायचाय. साहेब आत्ताच म्हणत होते, पोलीस बोलवा, त्या बाईला दम द्या, यल्ला, झटपट बोलेल."

"कोणत्या बाईला?"

"ती साफसफाईवाली हो. दुसरं कोण असणार?"

कमलिनीने फोन ठेवला. नागेशला झापावं असं तिला फार वाटलं होतं, पण सकाळी आपण तरी वेगळं काय केलं, ह्या विचाराने तिने ते गिळलं. आणि तेवढ्यात तिला तालमीतली ती फजिती आठवली.

४

फजिती झाली होती वेदांगची. हा नऊ वर्षांचा वाणी, डोक्यावर पगडी, आवाज खणखणीत. धान्य मोजताना आपल्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, आणि पुढे दोन, तीन. हे त्याला शिकवलं होतं. चार चिपटी म्हणजे एक शेर, हे त्याने तांदूळ ओतून दाखवायचं होतं. तो मनातल्या मनात मोजत ओतत गेला आणि शेर भरून तांदूळ फळीवर सांडले. सगळे हसले. "अरे, लाभ वेगळा धरलास तू! पाच ओतलीस!" असं म्हणून कुणीतरी त्याला लगेच जवळ घेतलं होतं.

कमलिनीने वेदांगच्या आईला फोन लावून त्याला मागितलं.

"वेदांग, काल तू किती चिपटी ओतलीस रे?"

"फोर, आंटी. लाभ इज वन. आय नो दॅट."

"नक्की?"

"येस! आय डिड इट अगेन आफ्टर एव्हरीवन लाफ्ड. फोर इज टू मच. इट ऑल्वेज फॉल्स डाऊन. आय टोल्ड सुचित्रा आंटी."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"शी सेड, डोन्ट टेल एनीवन, दे विल लाफ."

कमलिनी फळीपाशी परत आली. आता तिच्यातली शिक्षिका जागी झाली होती. शेर नव्हता, पण बाकीची मापं होती. दोन शेरांची एक अधोली. म्हणजे आठ चिपट्यांनी अधोली काठोकाठ भरायला हवी. तिने तांदूळ घेतले, पट्टीने सपाट करत एकेक चिपटं ओतलं. आठव्याला अधोली काठोकाठ भरली. दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

म्हणजे चिपटं खरं होतं, अधोली खरी होती. वेदांगही खरा होता. मग जिथे चार चिपटी मावत नव्हती, तो शेर खोटा होता. त्यात कमी बसत होतं. खारवलीचं गिऱ्हाईक शेराचे पैसे मोजत होतं आणि शेराहून कमी धान्य घरी नेत होतं.

तांदळाचा काय भरवसा, काठावर शीग राहते, हात हलतो. म्हणून काल रात्री कुणीतरी खात्री करून घेतली होती, पाण्याने. पाणी सांडलं, शेर ओला झाला, कागद भिजला. ज्याला ही खात्री हवी होती, त्याला पितळेचा मोह नव्हता. त्याला घराण्याच्या अब्रूची धास्ती होती.

वेदांगला जवळ घेऊन "पाच ओतलीस" म्हणणारी कोण होती, हे कमलिनीला आता स्पष्ट आठवलं. तरीही तिला ते खरं वाटेना. वाटून घ्यायचं नव्हतं, असं म्हणणं जास्त बरोबर. रशीदाच्या बाबतीत असा त्रास तिला झाला नव्हता.

५

दुपारी डबे उघडले. सुचित्राने दोन घास खाल्ले आणि नागेशला फोन लावला.

"अरे, येताना वाटेत दोन नारळ घे. पूजेला लागतील. हो, दोन."

कमलिनीचा घास हातातच राहिला. तिने हात धुतले आणि सुचित्राला म्हणाली, "जरा आत ये. मेकअपरूममध्ये. तुझी पिशवी घेऊन ये."

दार लावल्यावर ती म्हणाली, "सकाळी तुझी पिशवी जड लागली, तर तू नारळ आहेत म्हणालीस. मग आता नारळ कशाला मागवतेस?"

सुचित्राने पिशवीतून हळदीकुंकवाचं ताट काढलं, फुलवाती काढल्या आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला शेर काढून आरशापुढे ठेवला.

"आत बोट घालून बघा, कमलताई. दुसरा तळ बसवलाय. वरून कळत नाही. लग्न झाल्यापासून दर लक्ष्मीपूजनाला मी ह्याला हळदकुंकू वाहते. आतून कधी बघितलंच नाही हो." तिला रडू आलं. "हे जिथे तिथे सांगतात, दुष्काळात सगळ्यांनी दुकानं बंद केली, पण आमच्या पणजोबांनी शीग लावून धान्य दिलं. तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. त्यांना हे कसं सांगू मी? आज सगळ्यांसमोर पोरं मोजणार होती. मला काही सुचलं नाही. काल रात्री तुमच्याकडे झोपले, तेव्हा उशाशी होता हा."

कमलिनी स्टुलावर बसली. म्हणजे शेर तिच्या घरात होता. आणि सकाळी, रशीदाची थैली ठेवायला जागा हवी म्हणून, तिने स्वतःच्या हातांनी शेर उचलून बाजूला ठेवला होता! ही पिशवी उघडावी असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"रशीदाची झडती चालली होती तेव्हा तू तिथे होतीस, सुचित्रा."

"होते. वाटत होतं बोलावं. तोंडच उघडेना. मला माझीच किळस आली." तिने डोळे पुसले. "तुम्ही म्हणा ना, पोत्यामागे सापडला म्हणून. कुणाचंच नाव नको यायला."

खोटं कशाला बोला, कमलिनीला हा तोडगा अगदी मनापासून आवडला. क्षणभर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मग तिला पुढचं दिसलं. पोत्यामागे सापडला म्हटलं की सगळे माना डोलावणार, आणि मॅनेजर म्हणणार, बाई घाबरली आणि परत ठेवून गेली. रशीदाची नोकरी वाचली तरी तिच्यावरचा डाग जाणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "खरं सांगावं लागेल."

दार वाजलं. दत्तप्रसाद हार घेऊन आले होते.

६

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेरात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"कमलताई, माझ्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत," ते शेवटी म्हणाले. "हे बाहेर गेलं तर लोक पाकिटं वजन करून बघतील. त्या बाईला मी माझ्या फॅक्टरीत घेतो. व्हिसा देतो. पगार जास्त देतो, इथल्या दीडपट. झालं?"

"चोर म्हणून इथून काढलेली बाई तुम्ही कामावर घेणार. आणि तिने ते उपकार मानायचे?"

दत्तप्रसादांनी शेर उचलून मांडीवर घेतला. सुचित्रा भिंतीला टेकून उभी होती.

"तुला एवढी भीती वाटली माझी?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमची नाही. तुम्हाला काय वाटेल, त्याची."

संध्याकाळी दिवे लागले, प्लायवूडची खारवली उजळली, नऊवारी आणि फेटे घालून माणसं जमली. पोरांच्या ऐवजी दत्तप्रसाद स्वतः वाण्याच्या फळीमागे उभे राहिले. त्यांनी शेर मधोमध ठेवला आणि चिपट्याने तांदूळ ओतायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन, चार. चौथं चिपटं अर्धं व्हायच्या आतच तांदूळ फळीवर सांडले, तरी ते ओतत राहिले. काहीजण हसले, मग त्यांचा चेहरा बघून गप्प झाले.

"हा आमचा शेर," ते म्हणाले. "ह्यात कमी बसतं. आमच्या पणजोबांच्या दुकानात लोकांना कमी धान्य मिळत होतं. मी मात्र इतकी वर्षं तुम्हाला उलटंच सांगत आलो. मला माहीत नव्हतं, पण मी कधी मोजूनही पाहिलं नव्हतं. काल हे माझ्या घरात कळलं, म्हणून शेर लपवला गेला. माझ्याच घरच्यांनी लपवला. हॉलच्या ताईंचा ह्यात काडीचाही संबंध नाही." सुचित्रा उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि शेर कुणी लपवला ते वेगळं सांगावं लागलं नाही.

मग कमलिनीने माईक घेतला. सकाळी काय केलं ते सांगितलं, रशीदाची माफी मागितली. मॅनेजरने तिथेच किल्ल्या परत दिल्या. दोन-चार टाळ्या वाजल्या. कुणाला ओशाळवाणं वाटलं, कुणाला भूक लागली, बाजार सुरू झाला.

कमलिनी मागे गेली तेव्हा रशीदा निघायच्या तयारीत होती.

"रशीदा, सुना ना तुमने? अब सब ठीक है ना?"

"सुनी, मॅडम. आप मराठी में बोले, थोड़ा समझी." रशीदाचा आवाज शांत होता. "पर अंदर तो सब आपके लोगां हैं. मेरे लोगां बाहर बस में बैठे हैं. सुबह से सबको मालूम है, रशीदा की थैली खुलवाई. रात को उनके साथ मैं सोती हूँ, आपके साथ नहीं."

एवढं बोलून ती निघाली. कमलिनी दोन क्षण तिथेच थांबली. मग नऊवारीचा ओचा हातात धरून तिच्यामागून बाहेर गेली.

पार्किंगमध्ये कंपनीची पांढरी बस उभी होती. ठिकठिकाणची साफसफाई आटपून आलेल्या बायका आणि माणसं आत बसली होती. रशीदा चढली आणि खिडकीशी बसली. तिच्या मागोमाग नथ घातलेली, चंद्रकोर लावलेली एक बाई पायरीवर चढली, तशी सगळी बस तिच्याकडे बघायला लागली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"मैं अंदर के प्रोग्राम की हूँ," कमलिनी म्हणाली. "सुबह मैंने रशीदा की थैली खुलवाई. चोरी का शक किया. उसने कुछ नहीं लिया था. ग़लती मेरी थी. रशीदा, मुझे माफ़ करना."

मागच्या सीटवरून एका बाईने विचारलं, "फिर वो चीज़ मिली किधर, मॅडम?"

मिल गई, एवढं म्हणून उतरता आलं असतं. तेवढं पुरेसंही झालं असतं.

"हमारे में से ही एक के पास थी," कमलिनी म्हणाली. "उसकी थैली वहीं पड़ी थी, मैंने खुद उठाके बाजू में रखी. उसको खोलके देखने का मेरे मन में भी नहीं आया."

रशीदाने तेव्हा खिडकीतून नजर काढून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, आणि कमलिनीला मान खाली घालावी लागली.